बाबांना पाठवलेलं लोकेशन

पहिलेच सांगते, भूतबीत मी मानत नाही. पॉवर हाऊसच्या बाजारात मोबाईलच्या दुकानात बसते, सहा वर्षं झाली. लोकांचे बंद पडलेले नंबर, अडकलेले रिचार्ज, उडालेले फोटो... दिवसभर हेच. फोनमध्ये देव-भूत कोणी नसतं. नेटवर्क असतं, नाहीतर नसतं. तरी हे लिहून राहिले, कारण माझं डोकं आता चालत नाही.

आम्ही मूळचे गोंदियाकडचे, पण माझा जन्म इथलाच, रुआबांध्याच्या क्वार्टरमधला. बाबा स्टील प्लांटमध्ये होते. फर्स्ट शिफ्ट दोनला सुटली, की गेटबाहेर येऊन आईला मिस कॉल द्यायचे. एक रिंग म्हणजे निघालो, भात टाक. दोन रिंगा म्हणजे डबल ड्यूटी, वाट पाहू नको. उचलायचा मात्र नाही! लहानपणी मी एकदा उचलला, तर घरी येऊन केवढे ओरडले होते. पुढे कॉल फुकट झाले, तरी आमच्या घरात नियम तोच राहिला.

दोन वर्षांआधी बाबा अटॅकनं गेले. क्वार्टर सोडावं लागलं, मग ती पूर्ण लाईनच पाडली. तेव्हापासून आम्ही मायलेकी तीन जागा फिरलो. आता हथखोजला, एका कारखान्यामागच्या टिनाच्या खोलीत आहोत. फॉर्मवर पत्त्याचा रकाना आला, की माझा हात थांबतो. पत्ता म्हणून आमच्याजवळ फक्त मोबाईल नंबर उरलाय.

आईचा घोर मात्र वेगळाच. एका रविवारी जेवताना म्हणाली, "त्याईले कसं माहीत पडन वो, आपण इथं आलो म्हणून? रुआबांध्याले जातीन, तिथं दारच नाई दिसन. मंग कोणाले विचारतीन?"

"आई, काहीही नको बोलू."

"काहीही कावून? लोकांले शिकवतं दिवसभर, लोकेशन असं पाठवा, तसं पाठवा. बापाले एक पाठवता येत नाई तुले?"

मी चिडले. तिच्याच फोनवरून बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवलं आणि फोन तिच्या पुढ्यात आपटला. एकच टिक आली. येणारच होती! रिचार्ज नाही म्हणून तो नंबर कधीचा बंद झाला होता, दुकानात मीच तपासला होता. बाबांचा हँडसेट आमच्याच पेटीत पडलेला, बॅटरी फुगलेली.

मंगळवारी मला सुट्टी होती. दुपारी भांडी घासत होते, आई तांदूळ निवडत होती... आणि तिचा फोन वाजला. स्क्रीनवर बाबांचा हेल्मेटवाला फोटो, खाली नाव – 'पिंकीचे बाबा'. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी साबणाच्या हातानं तशीच धावले.

"उचलू नको वो!" आई ओरडली.

आणि खरं सांगते, माझा हात आपोआप मागे आला. सवय, दुसरं काय! एकच रिंग पूर्ण झाली आणि फोन थांबला.

चॅट उघडली. लोकेशनखाली दोन निळ्या टिका.

लगेच फोन लावला, तर नंबर अस्तित्वात नाही म्हणे. दुसऱ्या कोणाला तो नंबर मिळाला म्हणावं, तर लागायला तरी पाहिजे ना? दुकानातल्या शेठजींना दाखवलं. "सिस्टम की गड़बड़ी होगी, बेटा," ते म्हणाले. असेलही. पण कोणती गडबड, ते ना त्यांना सांगता आलं, ना मला आजपर्यंत कळलं. तो मिस कॉल अजून आईच्या फोनमध्ये आहे, लाल अक्षरात.

आईनं पदरानं डोळे पुसले, उठली आणि भात टाकला, तिघांचा. त्या दिवसापासून ती या खोलीला घर म्हणते.

राग येतो तो मला स्वतःचाच. दिवसभर अनोळखी लोकांचे फोन उचलते मी. तो एक उचलला असता तर... जास्त काही नव्हतं बोलायचं. "कुठवर आले, बाबा?" एवढंच विचारायचं होतं.