कापणार की सोडवणार?

जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत: गाठ कापणारे आणि गाठ सोडवणारे. पहिल्यात तुम्ही, मी आणि बाकीचं सगळं जग येतं; दुसऱ्यात कळव्याला राहणाऱ्या माझ्या मावससासूबाई एकट्याच. त्यांच्या घरात कात्री आहे, पण ती दुधाच्या पिशवीपुरती. मिठाईचा पुडा आला की सगळे पेढ्यांकडे बघतात आणि मावशी गाठीकडे. डोळे मिटून सुतळीवरून अंगठा फिरवतात, "हलवाई डावखुरा दिसतोय," असं काहीतरी पुटपुटतात आणि नखाने एकेक पेड सैल करत बसतात. तोवर पाहुण्यांचा चहा संपून निघायची वेळ होते. सुटलेली सुतळी बोटांवर गुंडाळून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जाते. त्या डब्यातल्या सुतळीने कळवा ठाण्याला पक्का बांधून ठेवता येईल.

माझी त्यांची ओळखच गाठीवरून झाली. आमच्या लग्नात भटजींनी उत्साहाच्या भरात शेल्याची आणि शालूची गाठ अशी आवळली की जेवायची वेळ झाली तरी सुटेना. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, जरासं कट करून टाका ना, फोटोत दिसणार नाय." तेव्हा गर्दीतून एक ठेंगणी बाई गरजत आली. "लग्न लागून तास नाही झाला आणि कात्री काढतोय मेला!" मग आम्हा दोघांच्या मधोमध स्टूल टाकून त्या बसल्या. वऱ्हाड पानावर ताटकळत होतं. गाठ सुटली तेव्हा भात गार झाला होता आणि माझ्या थोरल्या मामांनी सासरकडच्या मंडळींशी अबोला धरला होता. तो अजून चालू आहे.

एकदा नवरात्रात टेंभी नाक्याला दर्शनाच्या रांगेत त्यांचं मंगळसूत्र पुढच्या मुलीच्या ओढणीच्या गोंड्यात अडकलं. मागून रेटा, पुढून रेटा, आणि मावशी मान खाली घालून "हलू नको गं, हलू नको" करत गोंडा सोडवतायत. दोघी तशाच देवीसमोरून ढकलल्या गेल्या. गोंडा सुटला तो बाहेर चपलांपाशी. मी म्हटलं, "मावशी, दर्शन राहिलं की!" तर म्हणाल्या, "देवी पुढच्या वर्षीही आहे. ही पोरगी परत भेटणार होती का?"

अशा बाईने गेल्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या घरी, पेढ्यांचा पुडा पुढ्यात असताना, कात्री मागितली.

आमची ही स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन तशीच बाहेर आली. मला आधी थट्टा वाटली. मावशी उजवा हात उलटसुलट करून बघत होत्या. "बोटांना सुतळीच कळत नाहीये गं. ब्लाउजची हुकंही हल्ली शेजारीण लावते."

ही बातमी कळव्याला पोहोचली आणि त्यांच्या इमारतीचं मेडिकल कॉलेज झालं. तळमजल्याने मणक्यात गॅप काढली. पहिल्या मजल्याने बी-ट्वेल्व्हची गोळी सुचवली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं, "शीळफाट्याला एक जण मान मोडून देतो. दोन मिनिटांत माणूस मोकळा."

"कायमचा मोकळा," मावशी म्हणाल्या आणि सरळ डॉक्टरकडे गेल्या. तिथून एमआरआय. मशीनमधून बाहेर आल्या त्या तक्रार घेऊनच: "आत कुणीतरी शेडचे पत्रे ठोकत होतं, आणि वर मलाच सांगतात, हलू नका!"

रिपोर्ट घेऊन आम्ही ठाण्याला सर्जनकडे गेलो. सर्जन म्हणजे एक तरुण, हसरी बाई. तिने पडद्यावर मानेचा फोटो लावला आणि सांगितलं, "मावशी, मणक्यांच्या आतल्या नळीत गाठ आहे."

गाठ म्हटल्याबरोबर आम्हा दोघांचे चेहरे उतरले. मावशी मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या. "कुठली? निरगाठ की सुरगाठ?"

सर्जनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नीट समजावलं. गाठ मज्जारज्जूच्या आत शिरलेली नाही. ती त्याच्या आवरणाखाली, हाताकडे जाणाऱ्या एका नसेच्या मुळावर वाढलीय आणि रज्जूला कडेला दाबतेय. दिसायला तरी साधी वाटते, कॅन्सरची नाही, पण खात्री काढून तपासल्यावरच. तशीच ठेवली तर आज बोटं गेली, उद्या पाय जातील.

"काढा मग," मावशी म्हणाल्या. "पण कापणार की सोडवणार?"

सर्जन खरोखर विचारात पडली. "मागून मणक्याचं थोडं हाड काढायचं, आवरण उघडायचं. गाठ आधी आतून पोकळ करायची, म्हणजे ती सैल पडते. मग मायक्रोस्कोपखाली रज्जूपासून हळूहळू सुटी करायची. म्हणजे सोडवायचीच. फक्त ज्या धाग्यातून ती निघालीय, तो बहुतेक कापावा लागेल."

"एकच ना?"

"एकच, असं वाटतंय. बाकीचे जपायचे. पण बोटं पूर्वीसारखी होतील, असं वचन मी देणार नाही."

मावशींनी उजव्या हाताची बोटं एकदा उघडून मिटली. मग म्हणाल्या, "ओढायची नाही हं. ओढली की गाठ रुसते."

"तुम्हाला मदतीला घेतलं असतं हो," सर्जन म्हणाली, "पण तुम्ही नेमक्या पालथ्या असणार."

ऑपरेशनच्या दिवशी मावशी आत जाताना हिच्याशी भांडत गेल्या, डब्यातली सुतळी कुणी बाहेर काढायची नाही म्हणून. दार बंद झालं. या बाईवर माझं इतकं प्रेम आहे हे मला तिथल्या बाकड्यावर बसेपर्यंत माहीत नव्हतं. सर्जन बाहेर आली ती मास्क खाली ओढत. "एक धागा गेला. बाकी सगळे सोडवले." पुढे तपासणीत गाठ साधीच निघाली.

मावशी दुसऱ्या दिवशी उभ्या राहिल्या, नंतर घरभर फिरायला लागल्या, शेजाऱ्यांना बोलायला लागल्या. बोटं मात्र मागे राहिली. फिजिओथेरपीवाली त्यांच्याकडून मणी ओवून घ्यायची. "बालवाडीत घातलंय मला," असं त्या येईल त्याला सांगत. पण ती गेल्यावर गुपचूप परत ओवत बसत, हे हिने दारातून पाहिलं होतं.

परवा आम्ही पेढे घेऊन गेलो. जिन्यातच मी हलवायाची निरगाठ सोडवून साधी सुरगाठ मारून ठेवली. मावशींनी पुडा मांडीवर घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला.

"ही हलवायाची नाही. कुणी मारली?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

"जावईबापू, कीव करता काय माझी? निरगाठ मारा. घट्ट."

मारली. त्या बसल्या. नख घसरत होतं, पेड सापडला की हरवत होता. चहा आला, गार झाला. दुधाच्या पिशवीची कात्री समोरच खिळ्याला लटकत होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बऱ्याच वेळाने मावशी मान वर न करता म्हणाल्या, "जरा बोट ठेवा इथे."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला गाठीला हात लावू दिला नव्हता. मी बोट ठेवलं. त्या डाव्या हाताने पेड सैल करत राहिल्या, उजव्याने चाचपत राहिल्या. माझं बोट तसंच दाबून धरलेलं होतं.

"काढा आता," मावशी म्हणाल्या. "केव्हाच सुटली."