खऱ्या माराचा वकील

अख्ख्या सिंधुदुर्गात पक्षकाराला हाकलून देण्यात आनंद मानणारा वकील एकच होता, आणि माझ्या नशिबाने मी त्यांचाच ज्युनियर होतो. सावंतवाडीच्या आमच्या ऑफिसात मार खाल्लेले लोक नुकसानभरपाईसाठी येत. त्यांतले खरे किती आणि चुन्याने प्लास्टर केलेले किती, हे आमचे साहेब येरझाऱ्या घालत शोधत. त्यांना खुर्ची म्हणजे शिक्षा. टेबल ते खिडकी, खिडकी ते दार. चहा तीन ठिकाणी ठेवायचे आणि तिन्हीकडे निवायचा. एकदा बांद्याचा एकजण गळ्याला पट्टा बांधून आला, मान तसूभरही हलत नाही म्हणाला. साहेब फिरत फिरत प्रश्न विचारत राहिले आणि गड्याची मान त्यांच्यामागे चारी दिशांना फिरत राहिली. "मान बरी चलता तुमची," साहेब म्हणाले, "आता पायांनी घराक चला!"

मग एका सकाळी आरोंद्याची मासेविक्री करणारी एक विधवा आली. हात गळ्यात बांधलेला. तिच्या भावाने तिला बळेच आणलं होतं. ती सारखी म्हणे, "पाय घसारलो, पडलंय. माजी कसलीच तक्रार नाय." साहेब दोन फेऱ्या मारून तिच्यासमोर उकिडवे बसले.

"पडतलो माणूस पंजो टेकता गो. तुझो हात मधीच मोडलो. मार चुकवूक डोक्यार धरलं हुतंस मां?"

तिला हुंदका आला. "घोवाच्या होडीतलो वाटो मागलंय, म्हणान दिरान वल्ह्यान मारल्यान. पण ह्या सांगलंय तर आज रवू खंय?"

कायद्याच्या एकाही पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. भावाचं घर दिराच्या शेजारीच. साहेब ताडकन उठले, तिला घेऊन थेट आपल्या घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "ही आता हंयच रवतली." वहिनींनी विचारलं तेवढंच, "भात खातली मां?"

निकाल लागेपर्यंत ती तिथेच राहिली. साक्षीच्या दिवशी दिराकडे बघूनच तिने सगळं सांगितलं. दिराला शिक्षा झाली, तिला भरपाई आणि होडीतला वाटाही मिळाला. ती आरोंद्याला परतली. त्या दिवशी साहेबांनी एकाही पक्षकाराला हाकललं नाही. सगळ्यांना उद्या यायला सांगितलं.

आता साहेब पुण्याला मुलीकडे असतात. अधूनमधून फोन करतात. कोर्टाचं काहीच विचारत नाहीत. "ती आरोंद्याची बरी आसा मां?"

"बरी आसा, साहेब."

"मगे बरा," म्हणतात, आणि फोन ठेवतात.