आईची साखर, मावशीचा रिपोर्ट

चूक मूळची माझीच. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना मी आईला आणि मावशीला समोर बसवून ऐटीत सांगितलं होतं की तुम्ही एकसारख्या जुळ्या, तुमची जनुकं अगदी एकच. दोघींनी ते असं मनात धरलं की आता मी कितीही डोकं आपटलं तरी सुटत नाही.

आईचं महाडात वह्या-पुस्तकांचं दुकान. दिवसभर बसून असते. मावशी पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत म्हशी राखते. आईच्या टाचेची जखम दीड महिना भरेना, म्हणून मी पुण्याहून आले आणि साखर तपासायला सांगितली. तर म्हणाली, "कशाला? मावशीची शिबिरात तपासली, काय नाय निघालं. तिचं नि माझं एकच. तूच तर सांगितलंस."

प्रयोगशाळेत मी रोज जनुकांवरच काम करते. तिला समजावलं, जनुकं एकच असली तरी त्यातलं कुठलं चालू राहायचं नि कुठलं बंद, हे खाण्याने, बसण्याने, वयाने बदलत जातं. जनुकांवरून उतरणाऱ्या नकला म्हणजे आरएनए, त्यातले काही असे असतात की त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. पूर्वी त्यांना बिनकामाचे समजायचे, पण तेही या चालू-बंदमध्ये ढवळाढवळ करतात आणि त्यातून आजार होतात. आई गिऱ्हाइकाला फूटपट्टी देत म्हणाली, "बरं."

शेवटी ओढत नेलं. साखर भरमसाट निघाली, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी साखर तशीच, जखम काळपट, आणि डॉक्टर पाय वाचवण्याची भाषा बोलायला लागले. मी पुन्हा येऊन औषधांचा डबा उघडला तर प्रत्येक पट्टी कात्रीने अर्धी कापलेली. आईने सांगितलं, मावशी तूप द्यायला आली की उरलेली अर्धी घेऊन जायची.

संतापाने मी तशीच गाडी काढून वाडीवर गेले.

"तिला हाय म्हंजे मला बी हाय," मावशी म्हणाली. "चक्कर येते, पन घेते."

"मावशी, तुला साखर नाही."

"नसंल. पन तिला एकलीला कशी सोडू गो?"

जनुकांबद्दल एक अक्षरही बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती. एवढंच म्हणाले, "तुझ्या अर्ध्या पट्टीपायी आईचा पाय जाईल."

ती आत गेली. सगळ्या पट्ट्या आणून माझ्या ओंजळीत टाकल्या, शेजारणीला म्हशी बघायला सांगितल्या आणि गाडीत येऊन बसली.