वरून घेतलेला शॉट

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. सांगलीत माझं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं. पडद्यावर सावली हलली म्हणून घाबरलेली गिऱ्हाइकं यायची, आणि मी व्हीसीआरचं हेड पुसून ती सावली घालवून द्यायचो. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा... पण हे मी स्वतः पाहिलंय.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझा मित्र शरद लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. टीव्हीवर तेव्हा रोबोंची एक विज्ञानमालिका लागायची. हा पठ्ठ्या ती टेप करून माझ्या दुकानात पुढे-मागे करत बसायचा. त्यातली यंत्रबाई कधीच पापणी लववत नसे. शरदने दिग्दर्शकाची युक्ती शोधून काढली — नटीची पापणी हलणार तिथे कट, आणि लगेच समोरच्या माणसाचा चेहरा. उजेडही सपाट, थेट तोंडावर. आणि एखाद्या यंत्राला कायमचं बंद करायचं असलं, की कॅमेरा डोक्यावरून सरळ खाली बघायचा. आवाज सगळा गायब. त्या शांततेत ते यंत्र हसायचं.

"गड्या, हितं काटा येतो बघ अंगावर," शरद खुशीत म्हणायचा. मला त्या दिग्दर्शकाचा संताप यायचा. बंद करायचंय ना, मग करा की... हसवता कशाला?

शरदची धाकटी बहीण सुनंदा. तोंडाने फटकळ, हसली की गल्लीभर ऐकू जायचं. या तोंडापायीच तिची आधीची स्थळं मोडली होती. मग माण तालुक्यातलं एक फौजी स्थळ आलं. मुलाला रजा मिळेना, म्हणून त्याच्या वडिलांनी मुलीची कॅसेट मागवली. तेव्हा अशा कॅसेटी जायच्या — मुलगी चालते, सुईत दोरा ओवते, पेपर वाचून दाखवते.

शरदने ठरवलं, त्या मालिकेसारखंच शूटिंग करायचं. दुपारभर सुनंदाला हॅलोजनसमोर बसवलं. लाइट माझ्या हातात होता.

"दादा, डोळं जळाय लागल्यात!"

"गप. पापनी हलवू नगं. लाखात एक दिसशील."

"मी काय बाहुली हाय व्हय रं?"

तिच्या तोंडून मी ऐकलेलं तिचं स्वतःचं हे शेवटचं वाक्य.

शरदने दोन व्हीसीआर जोडून तिच्या पापण्या कापल्या. कॅसेट घेऊन आम्ही दोघं मुलाच्या गावी गेलो. मुलाचे वडील, रिटायर हवालदार, खुर्चीत ताठ बसून बघत होते. सुई झाली, पेपर झाला... आणि अचानक आवाज गेला. पडद्यावर सुनंदा — पण वरून, छताच्याही वरून घेतलेली. तिने मान वर केली आणि हसली.

असा शॉट आम्ही घेतलाच नव्हता! शरदच्या घराचा पत्रा इतका बुटका, की ट्रायपॉड पुरता उंच करता येत नसे. शरदचंही तोंड पांढरं पडलं होतं. हवालदार मात्र खूश. "पोरगी गरीब दिसतीया. असलीच पायजे व्हती आमास्नी."

परत येऊन मी मूळ टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. तो शॉट तिच्यात कुठेच नव्हता.

आणि सुनंदाचं बोलणं बंद. हाक मारली की बघायची, सांगितलं की काम करायची. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं, तर घशात काही दोष नाही म्हणाले. मी शरदच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं — लग्न थांबव म्हणून. तो म्हणाला, "खुळा हायस का? लय दिसांनी घरात शांतता हाय."

पाठवणीला सगळ्या बायका रडत होत्या. सुनंदा नुसतीच उभी. "रड गं, लोकं नावं ठेवत्यात," म्हणत तिच्या आईने दंडाला चिमटा घेतला. मग आणखी एक. शरद कॅमेऱ्यामागून ओरडला, "आई, जरा जोरात घे. शूटिंग चालू हाय!" नखं रुतली, रक्त आलं. सुनंदा कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली. मला तिथे उभं राहवेना.

तो शॉट कुणी घेतला, कॅसेटमध्ये कसा आला, मला आजही ठाऊक नाही. सुनंदा अजून त्याच घरात आहे. बाळंतपणातसुद्धा तिने हूं की चूं केलं नाही, असं तिची सासू गावभर कौतुकाने सांगते. काय झालंय तिला, हे त्या घरात अजून कुणी विचारलेलं नाही.