तसं लिहावं लागतं

नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला याचं मला फारसं दुःख झालं नाही. आमचं पटत नव्हतं, हे दोन्ही घरांना माहीत होतं. पण नोटिशीसोबत आलेला अर्ज मला दोनदा वाचावा लागला. माझे आमच्या मुख्याध्यापकांशी अनैतिक संबंध आहेत, असं त्यात लिहिलं होतं.

मी मंद्रूपजवळच्या एका शाळेत शिकवते. एसटी चुकली की सर मला त्यांच्या गाडीतून सोलापूरला आणायचे. शेजारी त्यांच्या पत्नी असायच्या. गुडघ्याच्या उपचारांसाठी त्यांना शहरात यावं लागे. नवऱ्याला हे ठाऊक होतं. दोघांना घरात बोलावून त्याने स्वतः चहा पाजला होता.

मी त्याला फोन केला. "हे काय लिहिलंय तुम्ही?"

"वकील म्हणाले, तसं लिहावं लागतं. मनावर घेऊ नको."

मनावर घेऊ नको! अर्जाचे फोटो तोवर त्याच्या भाऊबंदांत फिरून आमच्या शाळेपर्यंत पोचले होते. मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं. निवृत्ती तोंडावर आलेल्या सरांनी रजा टाकली आणि निरोपसमारंभ नको म्हणून कळवलं.

उलटतपासणीत माझ्या वकीलबाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही स्वतः काही पाहिलंत?"

"नाही."

"कुणी सांगितलं?"

"नाही. संशय होता."

"गाडीत सरांच्या पत्नी असत, हे माहीत होतं?"

तो आपल्या वकिलांकडे बघत "हो" म्हणाला.

अर्ज फेटाळला गेला. आता मिटलं, असं सगळ्यांनी धरलं. मी बदनामीचा खटला भरला. तेव्हा त्याचा निरोप आला : खटला मागे घे, परस्परसंमतीने घटस्फोट देतो. पाठोपाठ जेऊरहून आई आली.

"देतोय म्हनतोय न्हवं? मग घे की, बाई. लई झालं आता."

"घटस्फोट मलाही हवाय, आई. पण बदफैली म्हणून नको."

आईने पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "व्हय. मग मी बी येते कोर्टात."

शेवटी तो माफी मागायला तयार झाला. "झालं त्याबद्दल दिलगीर आहे," तो कोर्टात पुटपुटला.

मी उठले. "साहेब, काय झालं तेही त्यांनी सांगावं."

न्यायाधीशांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भरल्या कोर्टात त्याला म्हणावं लागलं, की आरोप खोटे होते आणि खोटे आहेत हे लिहितानाच माहीत होतं. मग मी खटला मागे घेतला आणि संमतीच्या अर्जावर सही केली.

बाहेर त्याचे वकील हसत म्हणाले, "मॅडम, एवढं ताणायला नको होतं. अर्जात असं चालतंच."

"माझ्या अब्रूवर चालत नाही," मी म्हणाले. पुढे बोलले असते, पण आईने हात धरून ओढलं.

संध्याकाळी सरांकडे गेले. कोर्टात काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि यंदा मला कोणता वर्ग मिळालाय ते विचारलं. त्यांच्या पत्नी फाटकापर्यंत सोडायला आल्या.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण हे अजून शेजारच्या घरीसुद्धा जात नाहीत."

मला वाटलं होतं, त्या माफीने माझा राग उतरेल. तो तिथेच, त्यांच्या फाटकाशी, पुन्हा उसळून आला.