मांजरामार्फत

लग्नानंतर मी पहिल्यांदा कर्वेनगरच्या घरात शिरले, तेव्हा शेजारचे दार उघडून बघत होते, म्हणून सासूबाईंनी मला ओवाळलं. मग पायाशी घुटमळणाऱ्या मांजरीकडे वाकून म्हणाल्या, "बाईसाहेब, या आता आपल्याकडेच राहणार बरं का. चपला बाहेर काढतात, हे सांगा त्यांना." मी चपला बाहेरच काढल्या होत्या. मला वाटलं, थट्टा चालली आहे. पहिले काही दिवस मी हसायचेसुद्धा.

थट्टा नव्हती. सासूबाई माझ्याशी बोलतच नसत. जे सांगायचं ते मांजरीला. "बाईसाहेब, आपल्याकडे आमटीत गूळ घालतात." "बाईसाहेब, कपडे वाळत घालण्याआधी झटकायचे असतात, पण कोणाकोणाच्या घरी नसेल तशी पद्धत." लेकी बोले सुने लागे ही म्हण मी शाळेत शिकले होते. सासूबाईंना लेक नव्हती, मग मांजर कामाला आली. त्या मांजरीला त्यांनी नाव ठेवलं नव्हतं. नावं ठेवायला मी होतेच.

कारण मला ठाऊक होतं. माझं माहेर विश्रांतवाडीचं, बौद्ध घरातलं. नवरा आणि मी एकाच सॉफ्टवेअर कंपनीत. तो प्रोग्रॅम लिहायचा, मी त्यातल्या चुका काढायचे. तिथेच जमलं आणि रजिस्टर लग्न झालं. सासूबाई निवृत्त शिक्षिका. शिकलेली बाई, तोंडाने जात काढणार नाही. फ्रीजमध्ये माझ्यासाठी निळी बाटली वेगळी ठेवली, तीही म्हणे सोयीसाठी. मांजर मात्र ओट्यावरून चालत जायची, देवघरापुढे अंग पसरायची. "मांजराला विटाळ नसतो," असं त्या मांजरीलाच सांगायच्या. मी विचारलेलं नसायचं.

नवऱ्याला सांगितलं तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणायचा, "आई जुन्या वळणाची आहे गं. दुर्लक्ष कर." दुर्लक्ष करण्यात त्याचा हातखंडा होता.

मला त्या घरात फार काही नको होतं. लाड नकोत, दागिने नकोत. त्या बाईने एकदा माझ्याकडे बघून, माझ्याशी, एक वाक्य बोलावं, एवढंच मनात धरून बसले होते. भांडण चाललं असतं. 'जेवलीस का' एवढं तर खूपच झालं असतं. तोवर मीही मांजरीमार्फत उत्तरं देऊ लागले. "बाईसाहेब, गूळ संपलाय, येताना आणते." "बाईसाहेब, आज मला उशीर होईल, कंपनीची गाडी हिंजवडीहूनच उशिरा सुटते." त्यावर सासूबाई तिच्या कानामागे खाजवत म्हणायच्या, "इंग्रजीत चुका काढायला पगार मिळतो हो हल्ली. आम्ही जन्मभर मराठीत काढल्या."

मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत, माणसांशीच करतात, असं मी पुढे कुठेतरी वाचलं. आमच्याकडे माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, मांजराशीच बोलत होती.

तिला शब्द कळत नसणार, पण सूर कळायचा. सासूबाईंचा आवाज गोड झाला की समजावं, टोमणा येतोय. टोमणा आला की मी उठून स्वयंपाकघरात जाणार, भांडी जरा जास्तच आपटणार, आणि जाता जाता तिच्या ताटलीत दूध ओतणार. हे तिने हेरलं. मग सासूबाईंचा आवाज गोड व्हायचा अवकाश, ती त्यांच्या मांडीवरून उतरायची, शेपटी उभी करून थेट माझ्याकडे यायची आणि नडगीवर डोकं घासायची. टोमणा घरपोच येऊ लागला.

हळूहळू ती दुधाशिवायही येऊ लागली. समोर बसून माझ्याकडे बघायची आणि सावकाश डोळे मिटून उघडायची. मीही तसंच करायचे. त्या घरात माझ्याकडे सरळ बघणारं तेवढंच कोणी होतं. मी तिला जीव लावला, आणि ते लपवायचं मला सुचलं नाही.

एका रविवारी ती माझ्या मांडीवर झोपली होती. सासूबाईंनी ताटली वाजवली, चुचकारलं, "बाईसाहेब, या" म्हणाल्या. मांजरीने फक्त एक कान त्यांच्याकडे वळवला. बाकीची मांजर माझ्या मांडीवरच राहिली. सासूबाई ताटली हातात धरून उभ्या होत्या.

"आपणही बाटलात तर," त्या तिला म्हणाल्या.

इतक्या दिवसांत तो शब्द पहिल्यांदा बाहेर आला, आणि तोही मांजरीला सांगून.

पुढच्या रविवारी नवऱ्याने माळ्यावरून पोतं काढलं. मांजर सोडायची रीत असते. पोत्यात घालायची म्हणजे वाट दिसत नाही, पोतं गरागरा फिरवायचं आणि पाणी ओलांडून पलीकडे सोडायची, म्हणजे परत येत नाही. नदीपलीकडे धायरीला त्याच्या मित्राचं बांधकाम चालू होतं, तिथे उंदीर आहेत म्हणाला. "आईला आता तिचं करवत नाही." पोतं बघताच मांजर पलंगाखाली शिरली. नवऱ्याने झाडू घालून पाहिला. मग मला म्हणाला, "तू हाक मार ना. तुझ्याकडे येईल ती."

"मरेन, पण हाक मारणार नाही," मी म्हणाले, आणि खोलीच्या मधोमध उभी राहिले.

सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. पलंगाकडे त्यांनी पाहिलंही नाही. पदर सारखा केला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बाईसाहेब, काही लोकांना सुट्टीच्या दिवशीही केर काढायचं सुचत नाही हो."

मांजर पलंगाखालून बाहेर आली. शेपटी उभी करून, नेहमीसारखी, थेट माझ्याकडे. तिने माझ्या नडगीवर डोकं टेकवलं आणि नवऱ्याने वरून पोतं टाकलं. मी पोतं धरलं, त्याने ओढून घेतलं. सासूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. जन्मभर पोरांकडून घोकून घेतलेली बाई, कोण काय शिकलंय हे तिला कळणार नाही तर कोणाला?

नंतर घर गप्प झालं. सासूबाई "बाईसाहेब" एवढं म्हणायच्या, जमिनीकडे बघायच्या आणि थांबायच्या. मीठ हवं असेल तर उठून घ्यायच्या. त्यांचा तो अवघडलेपणा बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मनात म्हणायचे, आता मधे कोणी नाही. आता बोलावंच लागेल, माझ्याशीच.

आणि त्या बोलल्या. दुपारचा चहा घेत आम्ही समोरासमोर बसलो होतो. नवरा कामावर होता, मी रजेवर होते. त्यांनी कप खाली ठेवला, मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत पाहिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"घरात आता बोलायला कोणी राहिलं नाही," त्या मला म्हणाल्या.

उत्तर द्यायला मी सवयीने खाली पाहिलं. पायाशी कोणी नव्हतं.