हलीनाची दहा वाक्यं

हलीना गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, श्रूजबरीच्या आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. फोन सुनेने, मृणालने, उचलला. "आई, लायब्ररीतून आहे. तुमच्या त्या युक्रेनच्या बाई..." एवढं म्हणून ती थांबली आणि फोन मला न देता तिने तसाच छातीशी धरला. माणूस मेल्याची बातमी ऐकल्यावर शहाण्या बायका 'अरे देवा' म्हणतात, मट्कन खाली बसतात. मी विचारलं, "किती वाजता?" जसा काही मंगळवारचा वर्ग होता आणि तिला यायला उशीर झाला होता. मग उरलेली जुडी मी निवडून संपवली. सगळी पानं एकीकडे, सगळ्या काड्या एकीकडे, अगदी नीट. नीटपणाची ही खोड मला फार जुनी आहे आणि तिचीच गोष्ट आज सांगायची आहे.

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुली मला मागून 'लाल पेन' म्हणायच्या आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, इतकी मी तेव्हा हुशार होते. हे गेल्यानंतर, 2003 साली, मुलगा मला इकडे घेऊन आला. पहिल्याच आठवड्यात औषधाच्या दुकानातल्या पोरीशी मी असं काही शुद्ध इंग्रजी बोलले की तिने आत जाऊन स्पॅनिश येणाऱ्या माणसाला बोलावून आणलं. तरी माझी गुर्मी उतरली नाही. या देशाचं व्याकरण कच्चं आहे, असं मी मुलाला जेवताना सांगितलं. "आई, प्लीज, हे बाहेर बोलू नकोस," तो म्हणाला. दोन वर्षं मी सोसायटीतल्या बायकांना वैताग दिल्यावर मृणालने मला लायब्ररीच्या तळघरात नेऊन सोडलं. तिथे नव्याने आलेल्या लोकांना फुकट इंग्रजी शिकवायला माणसं हवी होती. मला पाच जण मिळाले, पाचही युक्रेनचे. त्यातली एक हलीना.

पन्नाशीची, रुंद खांद्यांची, केस करड्या रंगाचे आणि घट्ट बांधलेले. शेजारच्या वूस्टर शहरातून दोन बस बदलून यायची. तिकडे बावीस वर्षं ती प्रसूतिगृहात नर्स होती, शेकडो बाळं तिच्या हातांत जन्मली होती. इथे एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, त्यांची भांडी उचलायची. परत नर्स व्हायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी होती आणि ती दोनदा नापास झाली होती. लिहिताना अडत होतं, बोलताना तर फारच. "टीचर," पहिल्या दिवशी ती म्हणाली, "माझे हात सगळं विसरत चाललेत. मला दोन वर्षांत पास करा." मी म्हटलं, एका वर्षात करते. बढाई मारायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात तिने माझ्या वडिलांचं नाव विचारलं. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, वडिलांचं नाव जोडतात. मी पासपोर्ट दाखवला. मधलं नाव नवऱ्याचं. ती चिडलीच. "आणि वडील? वडील कुठे गेले?" मी म्हटलं, लग्नात गेले. वर्ग हसला. तिने हट्टाने नाव काढून घेतलं आणि त्या दिवसापासून मी तिच्यासाठी 'सुधा गोविंदिव्ना' झाले. गोविंदरावांची मुलगी म्हणून हाक मारणारं माणूस मला चाळीस वर्षांनी भेटलं आणि तेही मॅसॅच्युसेट्सच्या एका तळघरात.

या मंडळींचं अडत कुठे होतं ते मला लवकर कळलं. इंग्रजीत एका क्रियापदाला दुसरं जोडताना कधी मध्ये 'टू' लागतो, कधी शेवटी 'इंग'. असं का, ते इंग्रजांनाही सांगता येत नाही. पाठ करायचं, बस. युक्रेनियन माणूस सगळीकडे 'टू' लावतो. "आय एन्जॉय टू कुक." आणि "तुम्ही बसा" म्हणायचं तर "आय वॉन्ट दॅट यू सिट." हे ऐकून मला माहेरच्या माणसांत बसल्यासारखं वाटलं, कारण आमच्या वऱ्हाडातल्या पोरीही नेमकं तेच लिहायच्या. मग मी माझी जुनी पद्धत काढली. डावीकडे क्रियापदांची यादी, उजवीकडे रिकाम्या जागा, आणि घरी करायला दर आठवड्याला 'वाक्यात उपयोग करा', दहा वाक्यं. आपल्याकडे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ही वाक्यं माहीत आहेत. राम आंबा खातो. सीता बागेत जाते. कुणी राम नसतो, कुणी आंबा नसतो. वाक्य खरं असतं का, हे आपल्याला कुणी कधी विचारलं नाही आणि आपणही कुणाला विचारलं नाही. मी तर त्या वाक्यांवरच पेन्शन मिळवलं.

हलीनाच्या वह्या पाहण्यासारख्या असायच्या. बारीक, तिरकं अक्षर, नर्सच्या तक्त्यासारखं. आधी दहापैकी चार, मग सहा. तिसऱ्या परीक्षेची तारीख 2007 च्या जूनमधली ठरली आणि ती झपाटल्यासारखी अभ्यासाला लागली. वृद्धाश्रमातल्या पाळीवरून थेट वर्गात यायची, कोट न काढता बसायची. वसंतात तिचा कोट सैल दिसायला लागला होता. मी काय म्हटलं असेल? "हलीना, बारीक झालीस! मलाही सांग ना काय खातेस ते." ती हसली. "सुधा गोविंदिव्ना, मी परीक्षा खाते."

जूनमध्ये ती पास झाली. पत्र घेऊन ती वर्गात आली तेव्हा मी आदल्या दिवशीच खव्याचे पेढे करून ठेवले होते. निकाल लागायच्या आधीच, कारण माझी विद्यार्थिनी नापास होणारच नाही अशी माझी खात्री. तिने एक पेढा घेतला, कागदी रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला. "नंतर," म्हणाली. मला राग आला. मनात म्हटलं, या लोकांना आपल्या गोडाची किंमत नाही. त्यानंतर ती आली नाही. मला वाटलं, काम झालं, वैद्य मेला... आणखीही बरंच वाटलं मला, ते लिहिण्यासारखं नाही. नोव्हेंबरात मी अमरावतीला गेले, फेब्रुवारीत परतले, तेव्हा लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं की हलीना हॉस्पिटलात आहे आणि आता औषध थांबवलंय. कॅन्सर आतड्यापासून यकृतापर्यंत पसरला होता.

मी भेटायला गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पर्समध्ये सराव-तक्ता टाकला. हसू नका. मला त्या खोलीत बोलायला दुसरं काही येणार नाही हे मला ठाऊक होतं. ती उशांना टेकून बसली होती, हात पांघरुणावर, इतके पिवळे की मी खिडकीकडे बघत बसले. तिनेच म्हटलं, "आणलंय ना? काढा." मग आम्ही तक्ता घेतला. मी सुरुवात वाचायची, तिने पूर्ण करायचं. नजर कागदावर, तोंड आपोआप चालू... आणि मी वाचून गेले, "आय लुक फॉरवर्ड टू..." म्हणजे, मी अमक्याची आतुरतेने वाट बघते. कुणासमोर काय वाचतोय, ते मला वाचून झाल्यावर कळलं. ती म्हणाली, "सीइंग माय रिव्हर." माझी नदी बघण्याची. इथे 'टू' असूनही पुढे 'इंग'च लागतो, या ठिकाणी त्यांच्यातला प्रत्येक जण चुकतो, ती चुकली नाही, आणि माझ्या तोंडून निघालं, "व्हेरी गुड!" टाळी वाजवायचीच तेवढी राहिली होती. ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की राग असता तर परवडला असता. तिला गंमत वाटत होती.

तीन आठवड्यांनी ती गेली. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तिची मुलगी इरिना आमच्या दारात उभी राहिली. ओहायोत डब्लिनला नोकरी करते, पंचवीस-सव्वीसची, आईसारखेच खांदे. मृणालने चहा केला, तिने घेतला नाही. पिशवीतून तिने एक वही काढली, पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. एप्रिल 2007. माझा गृहपाठ.

"हे तुम्ही वाचलं होतं?"

"हो, मी तपासलं होतं," मी म्हटलं.

"मग पुन्हा वाचा."

मी वाचलं. मराठीत सांगते, सगळी नाही. पहिलं वाक्य होतं, मला बिटाचं सूप करायला आवडतं. दुसरं, मी जिने चढायचं टाळते. मग, माझं वजन कमी होतच राहिलं आहे. मी उजव्या कुशीवर झोपायचं सोडून दिलं आहे. कामावर पोट धरून उभं राहताना लोकांनी मला पाहिलं तर मला आवडत नाही. मुलीला सांगणं मी पुढे ढकलते आहे. मला परीक्षा होईपर्यंत थांबायचं आहे. आणि शेवटचं, मला खात्री करून घ्यायची भीती वाटते... दहाही वाक्यं बिनचूक. खाली माझ्या लाल शाईत, दहापैकी दहा, एक्सलंट, एक चांदणी आणि माझी सही. शेवटच्या वाक्यानंतर तिने पूर्णविराम दिला नव्हता. तो मी दिला होता.

"मला वाटलं, उदाहरणं आहेत," मी म्हटलं.

"कशाची?"

मी तिला आमच्या शाळांबद्दल सांगायला लागले, राम आणि आंब्याबद्दल. मृणाल ओट्याशी पाठ करून उभी होती, नळ नुसताच चालू. इरिना ओरडली नाही. "माझी आई नर्स होती," ती म्हणाली. "तिला माहीत होतं. तिने मला नाही सांगितलं, डॉक्टरला नाही सांगितलं. फक्त तुम्हाला सांगितलं. एप्रिलमध्ये." मी विचारलं, एप्रिलमध्ये कळलं असतं तर वाचली असती का? "डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही," ती म्हणाली, आणि वही पिशवीत घातली. मी ती वही मागितली. का मागितली कोण जाणे. "नो," ती म्हणाली. "यात तुमची सही आहे, पण ही तिची आहे."

तेव्हापासून मी मोजते आहे. बत्तीस वर्षं, दर वर्षी तीन तुकड्या, तुकडीत पन्नास मुली, आठवड्याला दहा वाक्यं. त्यातलं एकही वाक्य मला आठवत नाही. चुका आठवतात. कुणाच्या स्पेलिंगमध्ये काय राहायचं ते आजही सांगेन. त्यातल्या किती पोरींनी मला काय काय सांगितलं असेल आणि मी पूर्णविराम देऊन वही परत केली असेल... मुलगा म्हणतो, "आई, यू आर ओव्हरथिंकिंग. तिने सरळ तोंडाने सांगायचं ना!" बरोबर आहे त्याचं. पण तोंडाने सांगताना ती अडत होती, म्हणून तर ती माझ्याकडे यायची.

वर्ग मी सोडला नाही. सोडला असता तर सगळ्यांनी समजून घेतलं असतं, म्हणून नाही सोडला. आता चौघे उरलेत. पण आता मी गृहपाठ घरी नेत नाही. प्रत्येकाला त्याचं वाक्य मोठ्याने वाचायला लावते आणि विचारते, "हे खरं आहे का?" यादी पुढे सरकत नाही, लायब्ररीतल्या बाईंनी दोनदा आठवण करून दिली. गेल्या मंगळवारी पेत्रोने वाचलं, मला बर्फात गाडी चालवायला अजिबात आवडत नाही. पेत्रो म्हणजे साठीचा सुतार, फार कमी बोलणारा. मी विचारलं, खरं आहे? "नाही, टीचर. माझ्याकडे गाडीच नाही." सगळे हसले, मीही. हलीना गेल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसलं. मग पेत्रोने पेन्सिल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "रोज आम्हालाच विचारता. आज तुम्ही एक करा. खरं."

मी खडू उचलला, उगाच, फळ्याकडे वळायला निमित्त म्हणून. "आय रिग्रेट," मी लिहिलं. मला पश्चात्ताप होतो. पुढे काय लागतं ते मला झोपेतही येतं. चौघे मागे पेन्सिली खाली ठेवून बसले होते. कुणी घाई करत नव्हतं.